लिहायचा भ, म्हणायचा व

पहाटे साडेचारला मोबाइल किणकिणला. गॉलवेहून लेकीचा निरोप होता. 'बाबा, बाळाचं नाव बहुतेक ठरलं,' आणि खाली इंग्रजी सहा अक्षरं : एस, ए, डी, एच, बी, एच. मी चष्मा लावला, काढून पुसला, परत लावला. अक्षरं सहाच राहिली.

"सध्भ," मी मोठ्यानं वाचलं.

"शिंकायचं तर तोंडावर रुमाल धरा," पांघरुणाच्या आतून ही म्हणाली.

नाव आहे म्हटल्यावर ती उठून बसली. दोघांनी मिळून फोन लांब धरून, जवळ धरून पाहिला. शेवटी तिनं निकाल दिला, "सद्भावना असेल. पोरीला नववा लागलाय, टाइप करता करता डुलकी लागली असेल." मला ते पटलं. मी लगेच उत्तर धाडलं, 'नाव उत्तम. परंतु अर्धंच पोचलं आहे. उरलेलं पाठवणे.'

दोन मिनिटांत फोनच आला.

"बाबा, पूर्ण आहे ते. साइव म्हणायचं."

"कशाला?"

"त्या सहा अक्षरांना."

मी छत्तीस वर्षं बँकेत काढली. लोकांची नावं विचारणं आणि खात्यावर बिनचूक चढवणं यावर आमचं घर चाललं. पोर जगावं, नजर लागू नये म्हणून ठेवलेली धोंडू, दगडू, केरू ही नावं मी आदरानं लिहिली. पुढे त्यांच्याच पतवंडांची रेयांश, कियांश, विहांश ही नावंही तितक्याच आदरानं लिहिली, फक्त तीन-तीनदा विचारून. पण लिहायचं एक आणि म्हणायचं भलतंच, असं नाव माझ्या हाताखालून तोवर एकच गेलं होतं. ते जावयाचं.

जावई आयरिश. टी, ए, डी, एच, जी. लग्नपत्रिकेचं प्रूफ आलं तेव्हा त्यावर 'चि. ताडघ' होतं. लेक म्हणाली, ताडघ नाही, टाइग. मी कागदावर 'टाइग' लिहून पाठवलं. छापखान्यातल्या पोराला वाटलं, काकांचा शेवटचा र राहिला. तीनशे पत्रिकांवर 'चि. टायगर' छापून आलं. अख्खी रत्नागिरी वाघ बघायला लग्नाला आली आणि हळद लागल्यावर उन्हानं टोमॅटो झालेला एक लाजरा मुलगा बघून परत गेली. त्या नावाचा खरा अर्थ कवी. पण वाघ व्हायला जावयाची हरकत नव्हती. ती पत्रिका त्यानं चौकट करून भिंतीवर लावली आहे.

आता बाळाचं नाव केल्टिक हवं होतं, आणि नुसतं केल्टिक नव्हे, 'वेगळं' केल्टिक. (ग्लासगोचा फुटबॉल क्लब मात्र सेल्टिक. अक्षरं तीच. तेव्हा ज्या भाषांच्या कुळाचंच नाव दोन तऱ्हांनी म्हणतात, त्यांच्याकडून पुढे फार सरळपणाची अपेक्षा मी ठेवायला नको होती.)

वेगळंच कशाला, असं मी विचारलं तर लेकीनं फियाची गोष्ट सांगितली. फिया म्हणजे रानातलं, मोकळं, कुणाला न बधणारं. लिहिताना शेवटी एक डीएच, तो अर्थातच म्हणायचा नाही. हे नाव आधीच्या पिढीत कुणाला माहीत नव्हतं. मग कुणीतरी आपली मुलगी चारचौघींसारखी नको म्हणून ते ठेवलं. तसंच वाटून आणखी कुणी ठेवलं. होता होता २०२१ साली आयर्लंडमध्ये मुलींच्या नावांत ते पहिल्या क्रमांकावर आलं. लेकीच्या मैत्रिणीच्या पाळणाघरात आता मोठी फिया, धाकटी फिया आणि चावणारी फिया अशा तिघी आहेत. मला लगेच समजलं. आमच्या सोसायटीत चार अन्वी आहेत आणि वॉचमन त्यांना मजल्यावरून ओळखतो.

साइव बाद झालं ते मात्र वेगळ्याच कारणानं. जावयाच्या चुलतबहिणीची आठ दिवस आधी सुटका झाली आणि तिनं ते नाव उचललं. लेक फोनवर मुसमुसून रडली. "चोरी झाली, बाबा!" आमच्या हिनं धीर दिला, "जाऊ दे गं, नुकसान कसलं? सहातली निम्मी अक्षरं तर चालतच नव्हती."

आम्ही बाळंतपणासाठी निघालो. हिनं डिंक, अळीव, खारीक घेतली. मी एक दोनशे पानी वही घेतली, नावांसाठी.

पोचल्या दिवशीच माझी त्या भाषेशी समोरासमोर गाठ पडली. बसस्थानकावर मला घाईची लागली होती. दोन दारं दिसली. एकावर एम, एन, ए. दुसऱ्यावर एफ, आय, आर. मी शांतपणे वाचलं. पहिलं दार 'मना', दुसरं 'फिर'. एवढं स्पष्ट सांगितल्यावर सज्जन माणूस काय करणार? मी फिरलो. पुढचे पाऊण तास कसे काढले ते विचारू नका. मना म्हणजे बायका आणि फिर म्हणजे पुरुष हे घरी गेल्यावर कळलं, तेही मी चप्पल न काढता आत धावलो तेव्हा.

लेकीच्या घरी फ्रिजवर नावांची यादी चिकटवलेली होती. जावई रोज रात्री त्यातली दोन-तीन मोठ्यानं वाचायचा आणि आमच्या चेहऱ्यांकडे बघायचा. आम्ही चेहरे जागेवर ठेवण्याची शिकस्त करत होतो.

"शिवॉन," तो म्हणाला.

"छान आहे," ही म्हणाली. "शिवण. मुलीच्या जातीला शिवण यायलाच हवी."

"नेसा."

"नेसते हो, पण इथे थंडी केवढी! साडीवर स्वेटर चांगला दिसत नाही."

"सॉरखा. प्रकाश असा अर्थ आहे."

"कुणासारखा?"

"ऊना."

इथे मात्र हिनं तोंड फिरवलं. पहिलटकरणीच्या पोटच्या पोरीला कुणी आपणहून उणं म्हणतं का? जावयानं ऊना खोडलं. मग त्यानं मोर असं एक नाव सांगितलं. मध्ययुगात तिथे म्हणे घरोघर मोर असत. अर्थ मोठी, थोर. हिला ते एकदम पसंत पडलं, पण आता तिकडे ते आजीबाईच्या काळातलं वाटतं, असं कळलं. आमच्याकडे ठकू ठेवण्यासारखं.

अर्थांची तर तऱ्हाच होती. ब्रोना म्हणजे दुःखी. फिनूला म्हणजे गोऱ्या खांद्यांची. कीरा म्हणजे काळी. "काळी चालेल," ही म्हणाली, "द्रौपदीचं नाव कृष्णाच होतं." पण बाप असा दुधासारखा, तेव्हा लोक हसतील म्हणून ते मागे पडलं. ईफा हे मला गोड वाटलं. अर्थ सुंदर, म्हणायला सोपं. मी वहीत त्याभोवती चौकोन काढला. तेवढ्यात विहीणबाई आल्या.

विहीणबाई मेयो परगण्यातल्या, शाळेत आयरिश शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांनी माझा चौकोन पाहिला आणि कपाळाला हात लावला. ईफा म्हणे लिर राजाची दुसरी बायको. तिनं चार सावत्र मुलांना मंत्र घालून हंस केलं आणि नऊशे वर्षं तीन ठिकाणच्या थंडगार पाण्यात पोहायला लावलं. म्हणजे आपल्याकडे कुणी हौसेनं कैकेयी ठेवावं तसं झालं. बरी ईफा एक दुसरीही आहे म्हणे, चांगली लढवय्यी. पण पाळण्यावर कंसात 'ही ती नव्हे' असं थोडंच लिहिता येतं?

त्यांच्या मनात ग्रॉन्या होती. सोळाव्या शतकातली मेयोची समुद्रावरची राणी. इंग्रज जिला चाची म्हणत आणि जी १५९३ साली सरळ इंग्लंडला जाऊन पहिल्या एलिझाबेथ राणीपुढे उभी राहिली. हे सांगताना विहीणबाईंची मान अशी ताठ झाली, की आम्हाला कान्होजी आंग्र्यांची आठवण होऊन आमच्याही माना ताठ झाल्या. हिनं फक्त नाव 'घराण्या' असं ऐकलं होतं आणि "घराण्याचंच ठेवायचं तर आमचंही घराणं आहे म्हणावं," असं ती मला ढोसत होती.

मी एकदा धीर करून त्यांना मनातलं विचारलं. "बाई, तुमच्या भाषेत एवढे एच आले कुठून?"

त्यांनी आपल्या आईचं जुनं पुस्तक काढून दाखवलं. त्यात एच नव्हतेच. अक्षरांच्या डोक्यावर टिंबं होती! ब वर टिंब दिलं की व म्हणायचा, म वर टिंब दिलं की तोही व. पुढे विसाव्या शतकात रोमन छपाई आली, टाइपरायटर आले, टिंबाचा खिळा मिळेना, म्हणून जिथे जिथे टिंब तिथे तिथे एच बसवला. मी ते पान बघतच राहिलो. आमच्या लहानपणी 'नांव' या शब्दाच्या डोक्यावर टिंब होतं. म्हणायचं नाही, पण द्यायचं. दिलं नाही तर छडी. मग १९६२ साली महामंडळाचे नियम आले, न बोलणारी टिंबं गेली, आणि दिलं तर छडी सुरू झाली. आम्ही नावावरचं टिंब उडवलं, त्यांनी टिंबाचा एच केला. दोन्हीकडे मार पोरांनीच खाल्ला असणार.

हे कळल्यावर मला त्या भाषेबद्दल जिव्हाळा वाटू लागला, तो विहीणबाईंनी माझं नाव वाचेपर्यंत टिकला. एका पाकिटावर इंग्रजीत सुभाष लिहिलं होतं. त्यांनी नियमाप्रमाणे वाचलं : "सुवाश." हिचं शोभा. ती झाली शोवा. राधा हे नाव त्यांच्या नियमानं राया होतं आणि माधुरी मायुरी. आणि याच विहीणबाई परंपरेच्या मोठ्या अभिमानी. "आमच्याकडे जुनी पद्धत अशी, की पहिली मुलगी झाली तर तिला आईच्या आईचं नाव द्यायचं. तेव्हा खरं म्हणजे शोवा हेच नाव योग्य."

साठी उलटल्यावर माणूस असं लाजू शकतं हे मी प्रथमच पाहिलं. पण रात्री ही मला म्हणाली, "शोभा ठेवणार असतील तर ठेवू देत. शोवा नको. आपल्या नावाची मुलगी आणि आपल्यालाच ओळखू येऊ नये!"

बाळ आलं. गोबरं, गुलाबी, आणि नाकानं थेट माझ्यावर गेलेलं. त्याबद्दल सगळ्यांनी हळहळ व्यक्त केली. मी रत्नागिरीला गुरुजींना फोन लावून वेळ सांगितली. आमच्या काळजाची धडधड वेगळीच होती. हस्त नक्षत्राचं तिसरं चरण निघालं तर अक्षर येतं 'ण'. जगातल्या कुठल्याही भाषेत माणसाचं नाव 'ण' नं सुरू होत असेल असं वाटत नाही. पण गुरुजी म्हणाले, "मघा, चौथं चरण. अक्षर मे. मेघना, मेधा, मेदिनी, मेनका."

लेकीचा पत्रिकेवर विश्वास नाही. तरी ती उठून फ्रिजपाशी गेली. यादीत शेवटून दुसरं नाव होतं : एम, ई, ए, डी, एच, बी, एच. मी पुढे होऊन वाचलं, "मेधा... मेधाभ?"

"मेव," जावई म्हणाला.

मी अक्षरं मोजली. सात. त्यातली कामं करणारी तीन, बाकीची चार नुसती हजेरीपटावर. आमच्या शाखेत अगदी हेच प्रमाण होतं, त्यामुळे मला घरच्यासारखं वाटलं.

मेव ही कॉनाख्तची राणी, म्हणजे आम्ही बसलो होतो त्याच मुलखाची. एका रात्री अंथरुणात तिची आणि नवऱ्याची जुंपली, की लग्नात जास्त कुणी आणलं. हांडे-कळशा मोजल्या, अंगठ्या मोजल्या, मेंढ्या, घोडे, डुकरं मोजली. सगळं बरोबरीचं. फक्त नवऱ्याकडे एक पांढऱ्या शिंगांचा बैल जास्त निघाला. तेवढ्यासाठी राणीनं तसलाच बैल मिळवायला उत्तरेवर स्वारी केली. विहीणबाई हे सांगत असताना ही पदर तोंडाला लावून हसत होती.

"आमच्याकडे मोजायची गरजच पडली नाही," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "बैल एकच आहे."

अर्थ विचारला तेव्हा मात्र क्षणभर शांतता पसरली. मेव म्हणजे मद आणणारी, झिंग आणणारी.

"दारू?" ही कुजबुजली. "सातव्या दिवशी पोरीला दारूचं नाव?"

मग मी माझी वही उघडली. मेव ज्या शब्दातून आला तो मधाच्या दारूचा शब्द, आणि तो आपल्या 'मधु'चा सख्खा भाऊ. द्युमेझिल नावाच्या फ्रेंच पंडितानं तर या मेव राणीची गाठ महाभारतातल्या ययातीच्या मुलीशी, माधवीशी घातली आहे. माधवी म्हटल्यावर हिचा चेहरा उजळला, कारण तिच्या मावशीचं नाव माधवी. मावशी आयुष्यात ताकाच्या पुढे गेली नव्हती. नाव पास झालं.

पास झालं म्हणजे उच्चार पास झाला. लिहायचं कसं यावर आणखी चार दिवस गेले. कारण हे नाव पाच तऱ्हांनी लिहितात, त्यात इंग्रजांना झेपेल असंही एक आहे. लेकीला सगळ्यात अवघड हवं होतं, सोपं तर कुणीही ठेवील म्हणून. शिवाय एका लेखनात ई वर फादा येतो. फादा म्हणजे तिरकी रेघ, अर्थ दीर्घ. एका विमान कंपनीच्या संगणकाला तो दीर्घ चालत नाही, असं जावयानं कळवळून सांगितलं. ऱ्हस्व-दीर्घावरून कळवळणारा माणूस मराठी घरात नीट मुरेल, याची मला त्या क्षणी खात्री पटली. आडनावाकडे मी लक्षच दिलं नाही. आयरिशमधून लिहायचं तर बापाचं 'ओ', लग्नाच्या बायकोचं 'ई' आणि मुलीचं 'नी', अशी एका छपराखाली तीन आडनावं होतात. माझ्या टेबलावर हे कुटुंब केवायसीला आलं असतं तर मी जेवायची सुट्टी जाहीर केली असती.

बारसं बाराव्या दिवशी नाही, पुढच्या शनिवारी झालं, कारण आत्याला कॉर्कहून यायचं होतं. आत्या कमोगी खेळते. कमोगी म्हणजे हातात लाकडी फळी घेऊन मैदानभर धावण्याचा बायकांचा खेळ, आणि तो बघितल्यावर माणूस आत्याशी वाद घालत नाही. आसपासच्या चार मराठी घरांतल्या बायका जमल्या. घुगऱ्या शिजल्या. पाळण्याला मोगरा मिळेना म्हणून खिडकीतली फुशिया लावली. विहीणबाईंना 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' इंग्रजी अक्षरांत लिहून दिलं होतं. त्यांच्याकडे जीएच चा उच्चार कधी कधी नुसता य होतो. त्यांनी पाळण्याखालून बाळ देताना खणखणीत आवाजात म्हटलं, "गोविंद या! गोपाळ या!"

"येऊ देत," ही म्हणाली. "घुगऱ्या पुष्कळ आहेत."

मग आत्या बाळाच्या कानाशी वाकली. तिला सगळं समजावलं होतं : कुर्र करायचं, नाव सांगायचं. पाठीत धपाटे बसतात, हे सांगायचं राहिलं होतं. तिनं कुर्र केलं, नाव सांगितलं, आणि पाच बायकांनी तिच्या पाठीत एकदम धपाटे घातले. वर्षानुवर्षांची मैदानावरची सवय. आत्याचं कोपर आपोआप मागे आलं. घुगऱ्यांचं पातेलं पडद्यापर्यंत गेलं. माणसं थोडक्यात वाचली.

हरभरे वेचता वेचता एक बाई म्हणाली, "नाव किती नाजूक आहे ना, वेव!"

"वेव?" मी उठून उभा राहिलो.

पण सगळ्यांनी वेवच ऐकलं होतं. आत्यानं कानात वेवच सांगितलं होतं! दोन महिन्यांची चर्चा, पाच लेखनं, एक फ्रेंच पंडित, आणि शेवटी पोरीचं नाव समुद्राची लाट? संध्याकाळपर्यंत शुभेच्छाही आल्या, 'वेल्कम बेबी वेव.' जावयानं उलगडा केला. आयरिशमध्ये कुणाला हाक मारताना नावाचं पहिलं अक्षर मऊ होतं. म चा व होतो. नाव मेव, पण हाक 'अ वेव'. आत्यानं बाळाला हाक मारली, म्हणजे व्याकरणाला धरूनच केलं.

"म्हणजे लिहायचा भ आणि म्हणायचा व," मी म्हटलं. "लिहायचा म, आणि हाक मारताना पुन्हा व. मग पहिल्यापासून सगळीकडे वच लिहायला काय हरकत आहे?"

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं त्या नजरेला आमच्या शाळेत भाषेच्या मास्तरांची नजर म्हणत. मी हरभरे वेचायला बसलो.

तीन महिन्यांची मुदत संपायच्या आत जन्माची नोंद झाली, सातही अक्षरांनिशी. आम्ही परत आलो. इथे सोसायटीत विचारणा सुरू झाली. "काय ठेवलं हो नातीचं?" मी म्हणायचो, "मेव." समोरचा थोडा वेळ थांबायचा. नाव अजून यायचं आहे असं वाटून. मग म्हणायचा, "मेवा का? वा! सुका की रानमेवा?" चौथ्यांदा हे झाल्यावर मी झुंज सोडली. हिनं तर विमानतळावरच सोडली होती. व्हिडिओ कॉलवर ती आता "मेवू, मेवाबाई, ए मेवटले" अशी सात मिनिटं हाका मारते, आणि बाळ प्रत्येक हाकेला हसतं. त्यात मूळ नाव एकदाही येत नाही.

नातीला चांदीची वाटी द्यायची म्हणून मी सराफाकडे गेलो. कागदावर मोठ्या अक्षरांत 'मेध्भ (मेव)' असं लिहून दिलं. बँकेची सवय, दोन्ही असावीत. सराफानं कागद दोनदा वाचला, माझ्या वयाकडे पाहिलं आणि काही बोलला नाही. आठ दिवसांनी वाटी मिळाली. त्यावर सुबक अक्षरांत कोरलं होतं : 'मेधा'.

"काका, भ जास्तीचा पडला होता," तो समजुतीनं म्हणाला. "मी काढला."

चांदीवरचं खोडता येत नाही. वाटी तशीच गॉलवेला गेली. जावई हल्ली रात्री देवनागरी शिकतो. काना, मात्रा झालं, जोडाक्षरांवर आलाय. परवा व्हिडिओवर त्यानं वाटी कॅमेऱ्यापुढे धरली, बोट ठेवून एकेक अक्षर लावलं आणि अभिमानानं माझ्याकडे पाहिलं.

"बाबा," तो म्हणाला, "यातला ध म्हणायचा नसतो ना?"